कडेला उरलेले शब्द

ठिपका नखाएवढा होता. फ्लॉपीच्या पातळ तपकिरी तबकडीवर, मधल्या भोकाजवळ, कुणी पिठाचं बोट टेकवावं तसा. विनायकराव चिंचोळकरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि फ्लॉपी खिडकीकडे धरली. बुरशीच होती. मागच्या दिवाळीत डब्यातून काढून पाहिली तेव्हा तबकडी लख्ख होती. यंदाच्या पावसाळ्यानं कॉलोनीतल्या पक्क्या भिंतींनाही ओल आणली, तिथं पत्र्याच्या डब्याचं काय घेऊन बसायचं.

सकाळचे साडेदहा झाले होते. त्यांची बायको पद्मिनी मराठी मंडळाच्या वाचनालयात गेली होती, दोनला परतणार होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तरी त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

या फ्लॉपीवर पद्मिनीचा शब्दसंग्रह होता. म्हणजे असायला हवा होता. तीस वर्षांपूर्वी तो विनायकरावांनी स्वतःच्या हातानं पुसला होता, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत त्यांना ‘कम्प्यूटर काका’ म्हणत. त्यांचे आजोबा अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीत इथं आले आणि इथलेच झाले. विनायकरावांची उभी नोकरी शहराबाहेरच्या सिलतऱ्यात गेली, लोखंड भाजणाऱ्या भट्ट्यांच्या कारखान्यात. भट्टीच्या पोटातलं तापमान दाखवणारी यंत्रं सांभाळायची, ही त्यांची ड्यूटी. पहाटेची कंपनीची बस, अंगावर काळी भुकटी, घरी आल्यावर पहिल्या आंघोळीचं पाणी काळं. भट्टी दुरुस्तीसाठी थंड पडली की इतर लोक पत्ते कुटत. हे झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून सी ही कम्प्यूटरची भाषा शिकत बसत. कॉलेजात कधी न गेलेल्या या माणसाला ती भाषा आवडली, कारण तिच्यात मध्ये कुणी दलाल नव्हता. अमुक घरात अमुक आकडा ठेव म्हटलं की तो तिथंच जाऊन बसायचा. आणि चुकलं तर कोण चुकलं, हे तेव्हाच कळायचं.

निवृत्तीनंतर मागची खोली भरत गेली. हिरव्या अक्षरांचे जाडजूड पडदे, बोटांखाली खडखडणारे कीबोर्ड, भंगारवाल्यांकडून शोधून आणलेले फ्लॉपीचे ड्राइव्ह. मेलेलं एखादं यंत्र ते महिनाभर उलगडत बसायचे आणि त्याच्यासाठी चार ओळींचा प्रोग्राम लिहून त्याचा एक दिवा लुकलुकवायचे. तो लुकलुकला की त्या दिवशी जेवण दोन घास जास्त जायचं.

पद्मिनी म्हणायची, “लोकांच्या घरून भंगारवाला नेते. आमच्या घरी उलटंच चालून राह्यलं.”

छंद होता, हे खोटं नव्हतं. पण या खोलीतल्या निम्म्या वस्तू एकाच कामासाठी जमल्या होत्या आणि ते काम त्यांनी आजवर पुढे ढकललं होतं.

पद्मिनी लग्न होऊन अमरावतीहून आली तेव्हा तिला रायपुरातली मराठी ऐकून आधी हसू यायचं, मग तिला ती लिहून ठेवावीशी वाटली. भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेली घरं, मागाहून नोकरीनिमित्त आलेली घरं, आणि चहूबाजूंनी छत्तीसगढी. इथल्या बायका उलथण्याला सराटा म्हणत, गुडघ्याला टोंगळा, आणि टमाट्याला शेजारणींचं ऐकून पताल. चार वर्षं ती दुपारी दुपारी ब्राह्मणपारा, तात्यापारा, पुरानी बस्ती पालथी घालत होती. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, त्यावर अर्थ, एक वाक्य, आणि तो कुणाच्या तोंडून ऐकला त्या बाईच्या नावाचं पहिलं अक्षर. दोन हजारांवर चिठ्ठ्या झाल्या. याच कामावर पीएच. डी. करायची, असं नागपूरच्या मॅडमशी ठरलं होतं.

त्याच सुमारास कंपनीनं एक जुना कम्प्यूटर मोडीत काढला. हिंदी पत्रव्यवहारासाठी त्यात देवनागरीचं कार्ड बसवलेलं होतं. विनायकरावांनी तो घरी आणला, पद्मिनीला टायपिंग शिकवलं. सगळा संग्रह एका फ्लॉपीवर मावला.

“आता त्या चिठ्ठ्या काहून सांभाळून राह्यली?” तेच एकदा म्हणाले होते. “पिशव्यांमध्ये कसर लागून राह्यली. डिस्कवर पक्कं आहे सगळं.”

चिठ्ठ्या बंबात गेल्या. थंडीचे दोन आठवडे आंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापलं.

पुढच्या वर्षी, पंच्याण्णवच्या मे महिन्यात, उन्हानं फ्लॉपीच्या लेबलाचा डिंक सुकला आणि लेबल खणात गळून पडलं. पहाटे अंधारात बसच्या घाईत विनायकरावांनी खणातली एक बिनलेबलाची फ्लॉपी उचलली. भट्टीच्या आकड्यांची नोंद न्यायला त्यांना एक कोरी हवी होती. कंट्रोल रूममधल्या नव्या मशीनवर त्यांनी ती फॉरमॅट केली, म्हणजे तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं आखून घेतली, आणि तिच्यावर आकडे उतरवले. दुपारी तीनला घरी येऊन खण उघडला. तळाशी पालथं पडलेलं लेबल होतं. त्यावर पद्मिनीच्या अक्षरात ‘संग्रह’.

तो अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. गल्लीत पोरींनी बाहुला-बाहुलीचं लग्न मांडलं होतं, कुणीतरी डबा बडवत होतं. पद्मिनी आतून म्हणाली, “मी मशीन चालू केली. पुरण वाटून घेतो अन् बसतो टायपिंगले.” मिक्सर घरघरला, दिवा मंदावला. त्या तेवढ्या वेळात विनायकरावांनी काय केलं असेल? कोशिंबिरीच्या वाटीशेजारी भाताचं पातेलं होतं. त्यातलं एक शीत घेतलं, बोटानं चिरडलं आणि लेबल परत चिकटवलं.

पद्मिनीनं हात पुसत फ्लॉपी आत घातली. मशीन वाचेना. तिनं तीनदा, चारदा, दहादा घातली. मग ती पांढरी पडली.

“मी मिक्सर लावला,” ती म्हणाली. “लाइट डिम झाला होता. माझ्यानंच झालं का हे?”

विनायकराव एवढंच म्हणाले, “व्होल्टेजचं काही सांगता येत नाही.”

ते एक वाक्य. त्यानंतर पीएच. डी.चं नाव त्या घरात निघालं नाही. ‘फेकून देतो’ म्हणून नेलेली फ्लॉपी डब्यात गेली. आणि तेव्हापासून घरात कुणीही कसल्याही मशीनसमोर बसलेलं असलं की पद्मिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायची, “लावू का मिक्सर?” आठवड्यातून तीनदा, तीस वर्षं.

बारा वर्षांपूर्वी विनायकरावांना एक गोष्ट कळली. इंटरनेटवर त्यांच्यासारखेच जुन्या मशीनचे वेडे लोक एकमेकांना लिहीत, तिथं कुणीतरी समजावलं होतं. घरच्या जुन्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे तबकडीवर लिहिणारं-वाचणारं टोक, रुंद; कंट्रोल रूममधल्या नव्या ड्राइव्हचं हेड अरुंद. रुंद झाडूनं सारवलेल्या पट्ट्यावरून बारका कुंचला फिरवला तर मधलं पुसलं जातं, पण दोन्ही कडांना जुनं सारवण तसंच राहतं. केसाएवढ्या कडा. घरच्या रुंद हेडखाली जुनं आणि नवं एकदमच आलं, म्हणून तेव्हा मशीनला काहीच वाचता आलं नव्हतं. त्या वाचायच्या असतील तर ड्राइव्हचं हेड मुद्दाम वाट चुकवून कडेवरून चालवायला हवं.

त्या दिवशी ते जेवले नव्हते. मग बारा वर्षं तयारी केली, आणि तयारी होत आली तसे थांबत गेले. फ्लॉपी वाचली गेली असती तर पद्मिनीला देताना काय सांगायचं? या प्रश्नाला सी भाषेत उत्तर नव्हतं.

मागच्या रविवारी पुतणी देवश्री आली. समता कॉलोनीत राहते, कॉलेजात शिकवते, मराठी सगळी कळते पण बोलायला लागली की हिंदीत घसरते. “काकू, हमारे यहाँ सेमिनार है, इथल्या मराठीवर. आप बस पंधरा मिनट बोल देना. तुमचा तो कलेक्शन होता ना?”

“होता,” पद्मिनी म्हणाली. “माझ्याच हातानं गेला. एक पुरण वाटायची घाई.” आणि हसून देवश्रीच्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

ते हसणं विनायकरावांच्या कानांत दोन दिवस राहिलं. मंगळवारी त्यांनी डबा उघडला, तर हा ठिपका.

बुरशी वाट पाहत नाही. ती तबकडीवरचा तपकिरी लेप खाते, आणि लेपातच सगळं साठलेलं असतं. त्यातून बुरशीवरून हेड फिरलं की ते लेप खरवडतं. एका फेरीत जे वाचलं ते वाचलं. म्हणून बुधवारी, पद्मिनीची चप्पल जिन्यावरून उतरल्याबरोबर, त्यांनी फ्लॉपीच्या आवरणाची एक कड ब्लेडनं चिरली. तबकडी दोन बोटांत तोलून बाहेर काढली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुतली, न पुसता दोरीवर वाळवली. दुसऱ्या एका फ्लॉपीचं आवरण रिकामं करून त्यात घातली.

ड्राइव्हमधल्या, हेड सरकवणाऱ्या मोटरचे दोन स्क्रू ढिले करून मोटर केसभर फिरवायची, वाचायचं, पुन्हा केसभर. ड्राइव्हला जोडलेल्या छोट्या बोर्डवर त्यांचा सीमधला प्रोग्राम चालत होता. हेडखालून येणाऱ्या दोन चुंबकी टिचक्यांमध्ये किती वेळ गेला, तेवढंच तो मोजायचा. तबकडी धड असेल तर ती अंतरं तीनच प्रकारची असतात: आखूड, मधलं, लांब. पडद्यावर त्यांच्या तीन टेकड्या उभ्या राहतात.

आधी मधोमध वाचलं. तीन टेकड्या, ठसठशीत. हे त्यांचंच फॉरमॅट. मोटर फिरवली. टेकड्या खचल्या, सगळा चिखल झाला. अजून थोडी फिरवली. चिखलच. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घामानं निसटायला लागली. अजून केसभर.

चिखलातून तीन बारीक टेकड्या वर आल्या.

विनायकराव खुर्चीत मागे टेकले नाहीत. जुन्या देवनागरी कार्डाच्या खुणा आजच्या अक्षरांत बदलण्याचा तक्ता त्यांनी कधीच लिहून ठेवला होता. त्यातून पहिला तुकडा काढला आणि पडद्यावर अक्षरं आली.

‘अढी – कच्चे आंबे पिकायला गवतात घालतात ती. “अढीतले आंबे पोट्ट्यानं उकरले.” अं.’

अं. म्हणजे अंजनाबाई. ब्राह्मणपाऱ्यातली, तेव्हा साठीची. संग्रहातले निम्मे शब्द तिचे.

त्या दिवशी बारा ट्रॅक झाले. ट्रॅक म्हणजे तबकडीवरची एकात एक असलेली वर्तुळं, एकूण चाळीस. बाहेरून आत यायचं, म्हणजे अ पासून पुढे. सगळंच धड येत नव्हतं. जिथं कडेवर त्यांच्या फॉरमॅटची छाया पडली होती तिथं शब्दांऐवजी नुसते पाचाचे आकडे येत होते, ५५५५५५, ओळीच्या ओळी. फॉरमॅट करताना मशीन रिकाम्या जागेत जी खूण भरतं, ती या जुन्या देवनागरीत पाच होऊन उमटत होती. आणि अगदी सुरुवातीला, अ च्या शब्दांत घुसलेली, भट्टीची नोंद होती. ती त्यांनी काढून टाकली नाही. दोनदा बोट त्या बटणापर्यंत गेलं. काढली असती तर सांगायला सोपं झालं असतं, की एक जुनी फ्लॉपी सापडली, व्होल्टेजनं अर्धवट उडाली होती, जमलं तेवढं वाचलं. पद्मिनीनं त्यांना देव मानलं असतं.

दीड वाजता त्यांनी सगळं झाकलं. गुरुवारी तेरा ट्रॅक झाले. शुक्रवारी एकोणतिसाव्यावर असताना पाठीमागे आवाज आला.

“वाचनालयाची किल्ली यशवंतरावांकडे, अन् ते गेले बिलासपूरले. हे काय, दार काहून लावलं?”

साडेअकराच वाजले होते. विनायकराव उठले, पण पडदा झाकायला त्यांचं अंग पुरलं नाही.

पद्मिनी पिशवी हातात धरूनच पुढे आली. पडद्यावर ‘सपरी – पडवी’ होतं. खाली ‘सराटा’. खाली ‘सांबार – कोथिंबीर. “दोन काड्या सांबार दे वं.” प्र.’ तिनं ओठ हलवत वाचलं. मग पिशवी खाली ठेवली, खुर्चीच्या पाठीला धरलं.

“हे माझं आहे.”

“हो.”

“हे वाक्य प्रमोदिनीबाईचं आहे. मी तिच्या ओसरीवर बसून लिहिलं होतं.” तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. “कुठून आलं हे?”

“तीच फ्लॉपी. ठेवली होती मी.”

“अन् मले सांगितलं नाही? अहो!” तिनं त्यांच्या दंडावर चापट मारली, हसली, डोळे पुसले, पुन्हा पडद्याकडे वळली. “पहिल्यापासून दाखवा. अ पासून. सरका ना, मले बसू द्या.”

“पद्मिनी, थांब जरा. अजून पूर्ण...”

“सरका हो.”

ती बसली. माऊस तिच्या हातात गेला. विनायकराव तिच्या मागे उभे राहिले. ते तिला थांबवू शकले असते. एक वायर ओढली असती तरी पुरे होतं.

अढी आली, अंगोळ आली, मग ओळ तुटली आणि पाचाचे आकडे आले.

“हे काय ५५५५?”

“तिथलं गेलं आहे.”

ती पुढे सरकली. आणि मग थांबली. पडद्यावर मध्येच इंग्रजी आकड्यांच्या चार ओळी होत्या. तिनं त्या सावकाश, शाळेत वाचतात तशा वाचल्या. दोन नंबरची भट्टी. आठशे ऐंशी, नऊशे दहा, नऊशे चाळीस. वीस वर्षं जेवताना तिनं हेच आकडे ऐकले होते.

“हे तर तुमच्या कंपनीचं आहे.”

तिचं बोट ओळीच्या सुरुवातीला गेलं. तारीख दोन मे पंच्याण्णव. वेळ नऊ चाळीस.

“दोन मे,” ती म्हणाली. “त्या वर्षी अक्ती दोन मेले होती. मले तारीख पाठ आहे.” बोट वेळेवर सरकलं. “सकाळचे नऊ चाळीस. अन् मिक्सर मी दुपारी लावला.”

पंख्याचा आवाज येत होता. ड्राइव्हमध्ये तबकडी अजून फिरत होती.

“मिक्सरचं काही नव्हतं,” विनायकराव म्हणाले. “लेबल गळून पडलं होतं. मी कोरी समजून नेली. तिकडं फॉरमॅट केली. घरी आल्यावर लेबल दिसलं.”

“लेबल तर फ्लॉपीवर होतं. मी पाह्यलं होतं.”

“मी चिकटवलं. शितानं.”

तिनं वळून पाहिलं नाही. “म्हणजे तुम्हाले माहीत होतं. मी विचारलं तवा.”

“हो.”

“अन् चिठ्ठ्या? त्याही तुम्हीच जाळायले लावल्या होत्या.”

“हो.”

“हो, हो,” पद्मिनी म्हणाली. “किती सोपं आहे हो म्हणणं.” ती उठली. पिशवी उचलली, पुन्हा ठेवली, नुसती छत्री घेतली आणि जिना उतरून गेली.

विनायकरावांनी तबकडी थांबवली. अकरा ट्रॅक उरले होते, आणि शेवटचे सात बुरशीच्या खाली. ते वाचत बसावं, असं एकदा मनात आलं. ती परत येईपर्यंत सगळं काढून ठेवावं. पण हात लावला नाही. तीस वर्षांपूर्वी तिला न विचारता जे केलं होतं, तेच पुन्हा होणार होतं.

एकला देवश्रीचा फोन आला. “काका, काकू माझ्याकडे आल्या आहेत. क्या हुआ? काही बोलत नाहीत, खात पण नाहीत. बस, पेन माँगा और लिख रही हैं.”

“काय लिहून राह्यली?”

“पता नहीं. ‘ह’ से शब्द.”

विनायकरावांनी फोन खाली ठेवला. ह म्हणजे शेवटचं टोक. पडद्यावर स पर्यंतच आलेलं तिनं पाहिलं होतं; आतल्या बाजूला अजून काय उरलं असणार, हे ती घरून निघतानाच समजून गेली होती.

चार वाजता ती आली. चेहरा धुतलेला होता. खोलीच्या दारातच उभी राहिली.

“किती राह्यलं?”

“अकरा ट्रॅक. चार निघतील. बाकीच्या सातांवर बुरशी आहे. धुतली, तरी तिथला लेप सुटत आहे. हेड फिरवलं की एकदाच काय येईल ते येईल. नाही फिरवलं तर आहे तसंच राहील. पुढे एखाद्या हुशार माणसाले, चांगल्या मशीनवर...”

“अन् बुरशी?”

“वाढेल.”

“मंग पुढचा माणूस येईपर्यंत ती काय उपास करणार?” तिनं खुर्ची ओढली, मशीनपासून दोन हात दूर. “वाचा. मी पाहतो.”

चार ट्रॅक निघाले. ‘स’ जवळजवळ पूर्ण आला. चौतिसाव्याला टेकड्या खचल्या, तरी अर्धं निघालं. पस्तिसाव्यात सात शब्द. विनायकराव प्रत्येक वेळी हेड कापसानं पुसत होते आणि कापूस तपकिरी होत होता. दर वेळी ते मागे न पाहता विचारत, “पुढचा?” आणि मागून उत्तर यायचं, “पुढचा.” सदतिसाव्याला तीन शब्द. अडतिसाव्याला खोलीत एक आवाज उमटला, पाटीवर नख ओढल्यासारखा. त्यांनी झटकन मोटर बंद केली. तबकडी बाहेर काढून उजेडाकडे धरली. आतल्या बाजूला एक गोल रिंगण पारदर्शक झालं होतं. त्यातून समोरच्या घराची गच्ची दिसत होती.

“गेलं,” ते म्हणाले.

पद्मिनीनं तबकडी त्यांच्या हातातून घेतली, तिनंही त्यातून पाहिलं, आणि टेबलावर ठेवली.

“ह चे किती आले?”

“अकरा.”

“शंभरावर होते.” तिनं देवश्रीकडून आणलेली वही उघडली. एका पानावर वीस-बावीस शब्द होते, काहींपुढे प्रश्नचिन्हं. “एवढे मले आठवले. बाकीचे अंजनाबाईचे होते. स्कूटर काढा.”

“आत्ता?”

“ती नव्वदीची आहे. तुम्ही उद्याचं काय सांगून राह्यले?”

चौबे कॉलोनीतून ब्राह्मणपाऱ्यापर्यंत शनिवारसारखी गर्दी होती. पद्मिनी मागे एका बाजूनं बसली होती. गतिरोधकावर तिचा हात नेहमी त्यांच्या खांद्यावर येई. आज ती मागचं कॅरिअर धरून बसली होती, आणि हे विनायकरावांना न वळता कळत होतं. ते प्रत्येक खड्ड्याला पार थांबल्यासारखे होऊन पुढे जात होते. मागच्या रिक्षावाल्यानं विचारलं, “का भैया, बरात में जात हस का?”

अंजनाबाईंच्या दाराशी पद्मिनी उतरली. विनायकराव स्कूटरवरच बसून राहिले.

“मी थांबतो इथं.”

“नाही,” ती म्हणाली. “आत या. शब्द तिचे होते. काहून आलो, ते तुम्हीच सांगायचं.”

आत अंजनाबाई खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या, सुपात लसूण सोलत. त्यांनी पद्मिनीला आवाजावरून ओळखलं, विनायकरावांना जरा वेळानं. विनायकरावांनी चप्पल बाहेर काढली होती, ती सरळ करून ठेवायला ते उगाच पुन्हा वळले. मग आले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. लेबल, फॉरमॅट, शीत. बंबातल्या चिठ्ठ्यासुद्धा. मध्ये एकदा आवाज बसला, तेव्हा पद्मिनीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही आणि त्यांच्या मदतीलाही आली नाही.

अंजनाबाईंनी लसणाची पाकळी सुपात टाकली.

“तीस वर्सं चूप राह्यला?”

“हो.”

“अन् हे पोरगी आपल्याच जिवाले खात राह्यली.”

“हो.”

“मंग उभाच राह्य थोडा येळ,” त्या म्हणाल्या, आणि खाटेवरची जागा हातानं झाडून पद्मिनीकडे वळल्या. “तू बस वं. कोणतं अक्षर पाह्यजे तुले?”

पद्मिनीनं पेनचं टोपण काढलं. विनायकराव दाराशी उभे राहिले.